एका घरातले दोन उमेदवार

रेनिटाने अंगातला कोटसुद्धा काढला नव्हता. तिने आत्याला स्वयंपाकघराच्या दारातच गाठलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आत्या, घोटाळा झालाय. बाबाही उभा राहतोय."

क्लेमेंटाइनच्या हातात मक्याच्या पावाचं तापलेलं भांडं होतं. ते तिने ओट्यावर ठेवलं, हात पुसले आणि मग विचारलं, "कशाला उभा राहतोय?"

"तुझ्याच जागेला! वस्ती समितीच्या. शुक्रवारी अर्ज भरून मोकळा झालाय. आईने आत्ता गाडीत सांगितलं. आणि मी महिनाभर दारोदार फिरून तुझ्यासाठी सह्या जमवल्या. बाबाला वाटतंय, मी मुद्दाम त्याच्यापासून लपवलं."

"लपवलंसच की."

"तूच म्हणालीस, अर्ज मंजूर होईपर्यंत कुणाजवळ बोलू नकोस!"

हे खरं होतं. शिक्का बसल्याशिवाय कुठलीही गोष्ट झाली असं मानायचं नाही, ही क्लेमेंटाइनची तीस वर्षांची सवय होती. शहराच्या कारभाराच्या एका खात्यात ती टायपिस्ट म्हणून लागली आणि गेल्या वर्षी तिथूनच निवृत्त झाली. लग्न केलं नाही. राजधानीच्या डीनवुड वस्तीतल्या ह्याच घरात, वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेल्या घरात, ती आईजवळ राहिली. वस्तीत तिला सगळे ओळखत, मान देत, आणि जरा लांबूनच नमस्कार करत.

रेनिटाच्या बाबाचं, थर्मनचं, उलट. आठ वर्षांनी धाकटा, शहराच्या बसवर ड्रायव्हर. म्हाताऱ्या बायकांच्या पिशव्या उतरवून द्यायला तो भर रस्त्यात बस थांबवायचा आणि मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले की त्यांनाच हात करायचा. त्याच्याविरुद्ध मत मागायचं म्हणजे थंडीच्या दिवसांत शेकोटीविरुद्ध मत मागण्यासारखं होतं.

"पानं घ्या," क्लेमेंटाइन म्हणाली. "जेवण निवतंय."

टेबलाच्या वरच्या टोकाला आई बसली. अठ्ठ्याहत्तरीची आर्व्हेला गॅस्किन्स, चर्चची निळी टोपी अजून डोक्यावर. तिच्या उजव्या हाताला मधला मुलगा डेलबर्ट. तो दहा वर्षांपूर्वी शहराची हद्द ओलांडून मेरीलँडमध्ये राहायला गेला होता. जेमतेम वीस मिनिटांचं अंतर, पण दर रविवारी तो परदेशातून आल्यासारखा तिकडच्या गोष्टी सांगायचा. समोर थर्मन आणि त्याची बायको लोरेन. रेनिटा आत्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसली, तेव्हा लोरेनने तिच्याकडे एक नजर टाकली. पोरगी त्या नजरेने थोडी खाली सरकली, पण उठली नाही.

प्रार्थना झाली. कोंबडीचा रस्सा फिरला, कोलार्डची भाजी फिरली. सगळे फार नीट वागत होते. शेवटी डेलबर्टलाच राहवलं नाही.

"मी काय ऐकतोय, एका गादीसाठी दोन राजपुत्र?" तो म्हणाला. "पगार काय आहे त्या जागेला?"

"काही नाही," क्लेमेंटाइन म्हणाली.

"अधिकार?"

"सल्ला द्यायचा. दोन हजार माणसांमागे एक जण. आपल्या गल्लीत काही बांधायचं, पाडायचं, परवाना द्यायचा, तर नगर परिषदेने आधी आपलं ऐकून घ्यायचं."

"ऐकून घ्यायचं! मानायचं नाही?"

"नाही."

"आणि परिषदेने काही ठरवलं, तर टेकडीवरच्या संसदेतले लोक ते फिरवू शकतात." डेलबर्टने काटा खाली ठेवला. त्याला आता रंग चढला होता. "म्हणजे सल्लागारांच्या वर परिषद, परिषदेच्या वर टेकडी, आणि त्या टेकडीवर तुमचा जो एक माणूस आहे तो भाषण करतो, पण मतदानाची वेळ आली की हात मांडीखाली घेऊन बसतो. अरे, माझे दोन सेनेटर आहेत, एक खासदार आहे. तुम्हा दोघांचं मत एकत्र केलं तरी माझ्या निम्म्याने भरत नाही. यंदा देशाची दोनशेवी वर्षगाठ. सगळीकडे झालरी लागतायत. कशासाठी भांडला होता हा देश? तर कर भरतो, मग आमचं ऐका म्हणून. आणि त्याच देशाच्या राजधानीत माझी भावंडं खेळण्यातल्या खुर्चीसाठी भांडतायत."

"तुझे सेनेटर तुला ओळखतात का रे?" आईने विचारलं.

"मला कशाला ओळखतील?"

"मग दोन असून काय करतोस? रताळी घे."

लोरेन हसली, रेनिटा हसली, आणि वातावरण निवळेल असं क्षणभर वाटलं. पण थर्मन हसला नाही. हा माणूस हसत नाही म्हणजे काहीतरी पोटात आहे, हे क्लेमेंटाइनला लहानपणापासून ठाऊक होतं.

"क्लेमी," तो म्हणाला, "तू बस खाली. नाव मागे घे. मी प्रेमाने सांगतोय. चर्चमधल्या पुरुषमंडळींनी मला गळ घातली. बसमध्ये रोज दहा जण विचारतात. लोकांना मी हवाय."

"लोकांना मी हवी आहे की नाही, ते त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही."

"तू त्यांच्याशी बोलणार तरी काय? अर्ज क्रमांक सांगणार?"

"थर्मन," लोरेनने त्याच्या बाहीला हात लावला. "रोजचे दहा तास बस, मंगळवारी गायनमंडळ, शनिवारी पोरांचा बेसबॉल. मी तुला कॅलेंडरात बघते. आता समितीही? मला विचारशील तर क्लेमेंटाइनला वेळ आहे."

"बघा! माझी बायकोही तिकडे, पोरगीही तिकडे!"

"मी कुणीकडे नाही. मी घराकडे आहे."

"तुला माहीत नाही म्हणून तू असं बोलतेस." थर्मनचा चेहरा तापला होता. तो बहिणीकडे वळला. "मी सांगू नये असं ठरवलं होतं. पण तू हट्टाला पेटलीस. गेल्या महिन्यात ओढ्यावरची फळी नीट करायला मी बाबांची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी एक पत्र होतं. एकोणपन्नास सालचं. बाबांनी ओढ्यावर पायपूल मागितला होता, पोरांना शाळेत जायला. त्याचं उत्तर. 'आपले पत्र पोहोचले. सध्या ह्या कामाची आवश्यकता दिसत नाही.' बस, दोन ओळी. आणि खाली डाव्या कोपऱ्यात साहेबाची आद्याक्षरं, आणि त्यापुढे टाइप करणारीची. छोटी. सी. जी."

लोरेनने त्याच्या बाहीवरचा हात काढून घेतला. रस्त्यावरून एक गाडी गेली.

"बाबांना नाही म्हणणारं पत्र तू टाइप केलंस," थर्मन म्हणाला. "आणि संध्याकाळी ह्याच टेबलावर येऊन त्यांच्या शेजारी जेवलीस. तीस वर्षं तू त्यांची होतीस, क्लेमी. आता एकदम आमची कशी झालीस?"

क्लेमेंटाइनने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. ह्या प्रश्नाची ती सत्तावीस वर्षं वाट बघत होती. तो बाबांकडून येईल असं तिला वाटायचं. आला नाही. एकसष्ट साली बाबा गेले, तेव्हा दुःखाच्या आडून एक सुटकाही तिच्या मनात आली होती, आणि त्या सुटकेची लाज तिला आजही वाटत होती.

"तिसऱ्यांदा नीट जमलं ते," ती हळू म्हणाली. "आधीच्या दोन प्रती मी फाडल्या. बोटं चालेनात. मग उठून साहेबांकडे गेले. म्हटलं, ह्या माणसाची मागणी खरी आहे, मी त्या ओढ्यावरून शाळेत गेलेय. ते म्हणाले, मिस गॅस्किन्स, तुम्हाला टाइप करायला ठेवलंय. मी परत येऊन बसले आणि टाइप केलं. बाबांनी ती अक्षरं बघितली की नाही, हे मला कधीच कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही."

"बघितली," आई म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. म्हातारी शांतपणे पावाचा तुकडा रश्शात बुडवत होती.

"पोर्चमध्ये बसून वाचलं त्याने. बराच वेळ बसला. मग मला म्हणाला, 'आर्व्हेला, हे आपल्या पोरीच्या वाट्याला आलं बघ.' आणि पुढं काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, 'एकही खाडाखोड नाही.' अभिमानाने! मी म्हटलं, तिला काही बोलू का? तर म्हणाला, खबरदार. आपल्याला कळलंय हे तिला कळलं, तर ती उद्या नोकरी सोडेल. त्या कचेरीत आपल्यासारखी काळी माणसं किती आहेत? तिला तिथं राहू दे. आत कुणीतरी बघणारं असू दे."

क्लेमेंटाइनने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. रडायचं नाही असं तिने ठरवलं आणि ते तिला साधलं नाही. रेनिटाने तिच्या पाठीवर हात ठेवला. थर्मन ताटाकडे बघत होता.

"मग बघितलंस का?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजातली धार गेली होती. "आत राहून?"

"बघितलं." तिने डोळे पुसले. सांगायला लागली तेव्हा तिचा आवाज कचेरीतला होता, सरळ, चढउतार नसलेला. "त्रेपन्न साल. मिसेस ओटीलिया ब्रॉडस. गल्लीच्या तोंडाशी दिवा हवा. नाही. चोपन्न. एम्ब्री पिंकेट. पावसाळ्यात गटाराचं पाणी तळघरात येतं. विचाराधीन. छप्पन्न. शाळेच्या पालकांचा अर्ज, एक्केचाळीस सह्या, खेळायला मैदान. सध्या शक्य नाही. अठ्ठावन्न. पुन्हा ओटीलिया ब्रॉडस, पुन्हा दिवा..."

ती थांबली नाही. ह्या वस्तीतून गेलेलं आणि नकार घेऊन परत आलेलं एकेक पत्र, नावानिशी, वर्षानिशी. रोज संध्याकाळी घरी आल्यावर ती ते वहीत उतरवत असे, पण आता तिला वहीची गरज नव्हती. डेलबर्टने रताळी खायचं थांबवलं होतं. साठ सालापर्यंत आल्यावर लोरेनने हात वर केला आणि म्हणाली, "तो आमचा अर्ज होता. फुटपाथचा. माझ्या आईने लिहिला होता. मी शुद्धलेखन तपासलं होतं."

"हो. फार चांगलं अक्षर होतं," क्लेमेंटाइन म्हणाली. "एकशे चौदा आहेत. पंच्याण्णव अजून तशीच पडून आहेत. मला खुर्ची नको, थर्मन. मला ती पंच्याण्णव उत्तरं पुन्हा द्यायची आहेत. सल्ला तर सल्ला. आजपर्यंत सल्ला द्यायलाही कुणी बोलावलं नव्हतं."

थर्मनने रुमालाने तोंड पुसलं, खुर्ची मागे सारली आणि उठून उभा राहिला. "ठीक आहे," तो म्हणाला. "मी उद्या जाऊन नाव काढून घेतो. संपला विषय."

"खाली बस," आई म्हणाली.

"आई, मी तिच्यासाठीच..."

"खाली बस म्हटलं ना." तिने चमचा ताटावर आपटला नाही, नुसता बाजूला ठेवला. पण तिन्ही मुलं ताठ झाली. "मी कॅरोलिनातून आले तेव्हा तिकडे आम्हाला मत देऊ देत नव्हते. इथे आले, तर इथे कुणालाच मत नव्हतं. गोऱ्यालाही नाही, काळ्यालाही नाही. तेवढीच काय ती बरोबरी. सहासष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षाला मत दिलं. परवा महापौराला दिलं. चांगली माणसं असतील. पण त्यांच्यातलं कुणी माझ्या पोर्चवर बसून शेंगा सोलायला आलं नाही. आणि आता पहिल्यांदा, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, माझ्याच गल्लीतली दोन माणसं माझ्या दारात येऊन म्हणणार आहेत, मला निवड. दोघं! म्हणजे मला ह्याला नको म्हणता येईल आणि तिला हो म्हणता येईल. आणि तू मला सांगतोस की जेवणाच्या टेबलावर आपण ते मिटवून टाकू? इतकी वर्षं चार माणसं बंद दाराआड बसून आपलं ठरवत होती, ते मला आवडलं नाही. आता ती चार माणसं माझीच पोरं आहेत म्हणून मला आवडेल?"

थर्मन खाली बसला.

"दोघांनीही लढायचं," म्हातारी म्हणाली. "नीट. आणि माझं मत कुणाला ते विचारायचं नाही. केक कुणी कापायचा? रेनिटा, तू काप. तू तरी इथे उमेदवार नाहीस."

"मीही नाही," डेलबर्ट म्हणाला.

"तू मतदारही नाहीस. गप्प बस."

*

पुढचे चार आठवडे डीनवुडने असा प्रचार पाहिला की लोक बरेच दिवस त्याबद्दल बोलत राहिले.

थर्मनला कष्ट पडले नाहीत. तो बसमधून उतरणाऱ्याला म्हणायचा, "सांभाळून हं, पायरी निसरडी आहे, आणि तीन तारखेला मला मत द्या." लोक हो म्हणायचे.

क्लेमेंटाइन पायी निघायची. बरोबर रेनिटा. पहिलं दार ओटीलिया ब्रॉडसचं. म्हातारीने दार उघडलं, आणि क्लेमेंटाइन म्हणाली, "मिसेस ब्रॉडस, त्रेपन्न साली तुम्ही गल्लीत दिवा मागितला होता. अठ्ठावन्न सालीही. दोन्ही वेळा 'नाही' असं पत्र आलं. ती पत्रं मी टाइप केली होती. मी वस्ती समितीला उभी आहे."

ओटीलिया ब्रॉडसने तिच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

पायऱ्या उतरल्यावर रेनिटाने डोक्याला हात लावला. "आत्या! असं सांगून कुणी मत मागतं का?"

"मग काय सांगायचं?"

"काहीही! तुमचं अंगण छान आहे म्हणायचं. बाबा असता तर तिच्या मांजराचं नाव विचारलं असतं."

"मला मांजरं ओळखू येत नाहीत. पत्रं ओळखू येतात."

दुसऱ्या दाराशीही तिने तेच केलं, आणि विसाव्या दाराशीही. कुणी दार लावलं. कुणी म्हणालं, तेव्हा कुठे गेला होता हा कळवळा? एम्ब्री पिंकेट मात्र दारातच मोठ्याने हसायला लागला. "म्हणजे माझं पत्र खरंच कुणीतरी वाचलं होतं?" तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. "बावीस वर्षं मला वाटतंय की ते पेटीतून थेट कचऱ्यात गेलं." त्याने तिला तळघरात नेलं आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेघा दाखवल्या, वर्षागणिक एकेक. क्लेमेंटाइनने बोट ठेवत त्या मोजल्या, टेप लावून उंची घेतली, आणि निघताना अंगणाबद्दल एक शब्दही काढला नाही. पिंकेट तिला फाटकापर्यंत पोहोचवायला आला.

त्या दिवसापासून रेनिटाने तिला शिकवणं सोडून दिलं. ती घरी येऊन आईला म्हणाली, "बाबा सगळ्यांना आवडतो. पण आत्या समोर उभी राहिली की लोक सरळ उभे राहतात. असं मी अजून कुणाच्या बाबतीत पाहिलं नाही." लोरेन इस्त्री करत होती. इस्त्री एका जागी जरा जास्त वेळ राहिली आणि थर्मनच्या गणवेशाच्या खिशावर तपकिरी डाग पडला.

मतदानाच्या दिवशी बोचरा वारा होता. शाळेच्या दारापासून ठरावीक अंतरावर रेघ आखलेली, उमेदवारांनी तिच्या आत यायचं नाही. रेघेच्या एका टोकाला थर्मन, कॉफीचा थर्मास घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्याला पेला भरून देत. दुसऱ्या टोकाला क्लेमेंटाइन, काळा कोट, हातमोजे, हातात काही नाही. दुपारी थर्मनने तिलाही एक पेला आणून दिला.

"लाच आहे का?" तिने विचारलं.

"कॉफी आहे. तुझे ओठ निळे पडलेत."

सकाळपासून डेलबर्टची गाडी खेपा घालत होती. ह्या माणसाने रजा काढली होती. ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्यांना तो घरून उचलून आणत होता, कुणाला मत देणार ते न विचारता. "काय करू," तो कुरकुरत म्हणाला, "तिकडे मी मत देतो तेव्हा रांगेत माझ्या मागे कोण उभंय ते मला ठाऊक नसतं. इथे सगळ्यांना ठाऊक आहे की लहानपणी मी कुणाची नासपती चोरायचो. मिसेस ब्रॉडसच्या झाडाची." शेवटचं वाक्य बोलताना त्याने मागचं दार उघडलं. आतून मिसेस ब्रॉडसच उतरल्या. त्यांनी क्लेमेंटाइनकडे पाहिलंही नाही आणि काठी टेकत आत गेल्या.

चारच्या सुमाराला आई आली. पाठोपाठ लोरेन आणि रेनिटा. थर्मन एका बाजूने पुढे झाला, क्लेमेंटाइन दुसऱ्या बाजूने. दोघांनीही हात पुढे केला.

"हात मागे घ्या," आई म्हणाली. "दोघांनीही. मला दार दिसतंय."

आणि ती त्या दोघांच्या मधून, निळी टोपी सरळ करत, एकटी चालत गेली.

आत ती इतका वेळ राहिली की दोन्ही पोरं रेघेवर चुळबुळायला लागली. "तिला बरं तर आहे ना?" थर्मन म्हणाला. शेवटी रेनिटा बाहेर येऊन हसत हसत सांगून गेली, "आजी ठीक आहे. आतल्या मतदान अधिकारी बाईंनी विचारलं, काही अडलंय का? तर म्हणाली, 'अडलं नाही. मला घाई नाही.'"

क्लेमेंटाइनने मान वळवून शाळेच्या भिंतीकडे पाहिलं. थर्मनही तिकडेच बघत होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला.

"कमिशनर," पलीकडून थर्मनचा आवाज आला. "नऊ मतांनी. आत्ताच कळलं."

क्लेमेंटाइन खुर्चीत बसली. "कुणाची नऊ?"

"तुझी, बाई. माझी असती तर मी तुला कमिशनर कशाला म्हटलं असतं? नऊ. त्यातलं एक लोरेनचं आहे, मला खात्री आहे. काल रात्री फार गोड बोलत होती."

"थर्मन..."

"ऐक. मला वाईट वाटलंय. खोटं कशाला सांगू? दोन दिवस वाटेल. पण काल रेघेवर उभा असताना एक गोष्ट लक्षात आली. लोक माझ्याकडे येऊन हसत होते. तुझ्याकडे येऊन काहीतरी सांगत होते. ती वेगळी गोष्ट आहे." मग त्याने विचारलं, "आईचं मत कुणाला गेलं असेल?"

"विचार तिला."

"तू विचार. तू जिंकलीस."

दोघांपैकी कुणीही कधीच विचारलं नाही.

समितीची पहिली बैठक मार्चमध्ये, वाचनालयाच्या तळघरात झाली. घडीच्या खुर्च्या कमी पडल्या. लोक भिंतीला टेकून उभे होते. क्लेमेंटाइनने वहीतली पंच्याण्णव कामं मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावली होती, आणि प्रत्येकापुढे कुठलं खातं, कुणाला भेटली, काय उत्तर मिळालं, हे तांबड्या पेन्सिलीने. एका महिन्यात तिने बावीस कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. अधिकार नव्हताच. पण कुठल्या टेबलावर कागद अडतो, हे शहरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पिंकेटच्या गटाराला तारीख मिळाली होती. दिव्याचा खांब आला होता. मिसेस ब्रॉडस पहिल्या रांगेत बसून त्याच्या रंगाबद्दल तक्रार करत होत्या.

मग मागून कुणीतरी उभं राहिलं.

"नाव आणि पत्ता?" क्लेमेंटाइनने मान वर न करता विचारलं.

"पत्ता काय विचारतेस? लहानपणी तुझ्याच खोलीत झोपायचो!"

तळघर हसण्याने भरून गेलं. तिने वर पाहिलं. थर्मन गणवेशातच आला होता.

"नोंदीसाठी," ती म्हणाली. तिच्या तोंडावरची रेघही हलली नाही.

"थर्मन गॅस्किन्स. राहणार शेरिफ रोडच्या मागे." त्याने टोपी काढून हातात घेतली. "ओढ्यावरची फळी पुन्हा वाहून गेली. शाळेची पोरं मागच्या आठवड्यापासून घोट्याइतक्या पाण्यातून जातायत. कमिशनरबाईंनी गटार केलं, दिवा केला, छान झालं. पण पूल ह्या कागदावर एकोणचाळीसावा आहे. का? तो घरचा आहे म्हणून मागे ठेवलात? लोक काय म्हणतील म्हणून?"

आता कुणी हसत नव्हतं. क्लेमेंटाइनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो बरोबर बोलत होता. बाबांचं काम आधी केलं असं कुणी म्हणू नये, म्हणून तिने ते मुद्दाम खाली ढकललं होतं. पोरांच्या ओल्या पायांचा विचार तिने केला नव्हता. स्वतःच्या नावाचा केला होता.

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच. चुकलं."

तिने उठून भिंतीवरच्या कागदावरचा एकोणचाळीस खोडला आणि पहिल्या ओळीच्या वर पूल लिहिला. मग सगळ्यांकडे वळली. "उद्या सकाळी सात वाजता मी ओढ्यावर येते. ज्यांना जमेल त्यांनी या. मोजमाप घेऊ, पोरं मोजू, आणि दहा वाजता सगळे मिळून कचेरीत जाऊ."

"आणि तारीख नाही मिळाली तर?" थर्मन अजून उभाच होता.

"तर का नाही मिळाली ते पुढच्या बैठकीत, इथंच, माझ्या तोंडून ऐकाल."

"तेही पटलं नाही, तर पुढच्या खेपेला मी पुन्हा तुमच्याविरुद्ध उभा राहीन. आत्ताच सांगून ठेवतो."

पहिल्या रांगेत आई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. तिने लेकाकडे पाहिलं नाही, लेकीकडेही नाही. सरळ समोर, भिंतीवरच्या कागदाकडे बघत ती हसत होती.

"राहायलाच पाहिजे," क्लेमेंटाइन म्हणाली, आणि तिने पुढचं नाव पुकारलं.